नववा घाव

मोटारींच्या गल्लीत तिला सगळे पाटेवाली म्हणायचे. जुन्या गाड्यांच्या आसाला एकावर एक रचलेले पोलादी पाटे बांधलेले असतात, धनुष्यासारखे वाकलेले. रस्त्याचा सगळा मार ते खातात. खाऊन खाऊन सपाट झाले की त्यांना पुन्हा कमान आणावी लागते, आणि ती आणायची रीत एकच. पाटा ऐरणीवर घ्यायचा आणि थंडच बडवायचा. म्हणजे मार खाऊन बिघडलेली वस्तू आणखी मार देऊन नीट करायची. तिच्या वडिलांचा या रीतीवर इतका विश्वास होता, की त्यांनी ती घरातही चालवली.

वडिलांना गल्ली मिस्त्री म्हणायची, घरात ते अप्पा. कारखान्याच्या मागे दोन खोल्या, मध्ये एक दार. त्या दाराला कधी कडी नव्हती, त्यामुळे कारखान्यातला राग घरात आणि घरातला राग कारखान्यात ये-जा करत असे. कामगार टिकत नसत. एकाला अप्पांनी यू-बोल्ट फेकून मारला होता, दुसऱ्याचं डोकं बोनेटवर आपटलं होतं, तिसरा पहिल्याच दिवशी दुपारच्या चहाला गेला तो परत आला नाही. आईने तर माराची प्रतवारीच लावली होती. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "काय गं, आज काय?" आणि आई भांडी घासता घासता एका शब्दात सांगायची. चापटलं. धोपटलं. बडवलं. 'तुडवलं' म्हणाली की शेजारीण हळद घेऊन यायची.

धाकट्या भावाने अकराव्या वर्षी ग्रीसची बादली उघडी ठेवली आणि तिच्यात वाळू गेली. कानाखाली जाळ काढणं हा शब्दप्रयोग लोक सहज वापरतात. धाकट्याच्या कानातून खरोखर रक्त आलं, आणि उजव्या कानाने त्याला पुन्हा काही ऐकू आलं नाही. मोठा झाल्यावर त्याने दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि आईला घेऊन गेला. अजूनही बोलताना तो मान वळवून डावी बाजू पुढे करतो. न ओळखणाऱ्याला वाटतं, माणूस आखडू आहे.

ती मात्र राहिली. का राहिली, हे तिला आई दर फोनवर विचारायची, आणि ती दर वेळी कामाचं कारण सांगायची. ते खोटं नव्हतं.

नऊ वर्षांची असताना कामगार पळाला म्हणून अप्पांनी तिला पिन काढताना कांब धरायला बसवलं. चाक ज्या जाड पोलादी खिळीवर डावी-उजवीकडे वळतं, ती किंगपिन. आसाच्या टोकात ठोकून बसवलेली असते आणि गंजली की तिथलीच होऊन जाते. मग तिच्या डोक्यावर पोलादी कांब उभी धरायची आणि कांबेवर घण घालायचा. एकाने धरायचं, दुसऱ्याने मारायचं. अप्पांच्या कारखान्यात कांब उघड्या मुठीने धरायची पद्धत होती. पिन सुटली की तिची पहिली हालचाल डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळते. धरणाऱ्याने "हलली" म्हणायचं, मग मारणाऱ्याने घाव हलका करायचा.

आणि नियम एकच. धरणाऱ्याने घणाकडे बघायचं नाही. पिनकडे बघायचं. घणाकडे बघितलं की डोळ्यामागून हात जातो, कांब तिरकी होते आणि घण घसरतो.

बारा पौंडांचा घण तिच्या डोक्यावरून जायचा, वाऱ्याने केस हलायचे, आणि मुठीच्या वर चार बोटांवर तो बरोब्बर कांबेच्या मध्यावर पडायचा. हाडापर्यंत झिणझिण्या यायच्या. पण एकदाही चुकला नाही. घरात अप्पांचा हात कधी, कुठून येईल याचा नेम नव्हता. इथे मात्र कुठे पडणार ते ठाऊक असायचं. सगळ्या घरात त्या घणाखालची ती वीतभर जागाच काय ती तिला सुरक्षित वाटायची. हे आईला कसं सांगणार?

मध्ये तिचं लग्न झालं. चौदा महिने टिकलं. नवऱ्याने एके संध्याकाळी चहा गार झाला म्हणून हात उचलला आणि तिने तो हवेतच धरला. फक्त धरला. पण तिची मूठ कांबेला सरावलेली. त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. सासू सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बापाचाच हात आहे. बापावर गेलीय." नवरा सुटला, सासर सुटलं, सासूचं ते वाक्य मात्र सुटलं नाही. त्यानंतर वीस वर्षं तिने कोणाला, अगदी कारखान्यात शिरलेल्या कुत्र्यालाही, हात लावला नाही. राग आला की ती दोन्ही हात रॉकेलच्या डब्यात बुडवून नटबोल्ट धुवायला बसायची. गल्लीत म्हणत, पाटेवालीकडे नट सगळ्यात चकचकीत मिळतात.

ती एक्केचाळीस वर्षांची असताना रोपवाटिकेवाले काका त्यांची पिकअप घेऊन आले. गाडी काकांच्या वडिलांची, काकांपेक्षा वयाने मोठी. गोल बोनेट, बाहेर आलेले दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा.

"डावीकडे वळवली की वळते," काका म्हणाले. "पण आधी जरा विचार करते."

तिने पुढचं चाक उचलून हलवलं. ते दाराच्या सैल कडीसारखं वाजलं. पाटे बसलेले, पिनेभोवतीचे पितळी बुश झिजून गेलेले, उजव्या बाजूची पिन खुळखुळत होती आणि डावी जाम. डावीकडे ग्रीस भरायचं बोंडुकच दिसेना. तिने नखाने खरवडलं तर हिरव्या रंगाचा जाड थर निघाला.

"हे रंगवलं कोणी?"

"मीच," काका अभिमानाने म्हणाले. "तेवढंच एक पिवळं दिसत होतं. बरं नाही वाटलं."

"काका, गाडी तहानेने मेली असती. तुम्ही तिच्या तोंडावर रंग फासलात."

यू-बोल्ट कापून, पाटे उतरवून तिने सगळा आस जमिनीवर घेतला, लाकडी ठोकळ्यांवर टेकवला. पाटे बडवून कमानीत आणले. डाव्या पिनला तीन दिवस रॉकेल-डिझेलमध्ये भिजत ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी अप्पा कारखान्यात आले आणि खुंटीवरचा घण काढून उभे राहिले.

अप्पा आता बहात्तरचे. एका डोळ्यात मोतीबिंदू, उजवा खांदा आखडलेला. वर्षभर त्यांनी घणाला हात लावला नव्हता. पण ही गाडी त्यांनी पूर्वी, काकांच्या वडिलांच्या वेळी, एकदा उघडली होती.

"अप्पा, राहू द्या. मी गल्लीतल्या लेथवाल्याला बोलावते."

"लेथवाला काय करणार? धर."

तिने धरली. काका एका डब्यावर बसून बघत होते. पहिला घाव बरोबर पडला. दुसराही. तिसऱ्याला घण कांबेच्या कडेवर बसला, घसरला आणि तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी घेऊन ठोकळ्यावर आदळला. लाकूड फुटलं.

ती उठली. रक्त फडक्याला पुसलं आणि हात पुढे केला. "घण द्या."

"बस खाली."

"तुम्हाला दिसत नाही, अप्पा. द्या इकडे."

त्यांनी डाव्या हाताने तिच्या तोंडात मारली. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला, गिऱ्हाइकासमोर. दात ओठात रुतला. काका डब्यावरून अर्धवट उठले, त्यांना पुढे काय करावं सुचेना, आणि ते पुन्हा बसले.

तिने मागे-पुढे बघितलं नाही. अप्पांच्या उजव्या हातातला घणाचा दांडा धरला आणि खेचला. अप्पांनी सोडला नाही. दोघंही त्या दांड्याला धरून, एकमेकांच्या तोंडाशी तोंड, ठोकळ्यांभोवती अर्धी फेरी फिरली. अप्पा दात-ओठ खात होते, लाथा झाडत होते. तिच्या नडगीवर त्यांच्या बुटाचं टोक दोनदा बसलं. मग त्यांच्या आखडलेल्या खांद्यातून कळ गेली आणि बोटं आपोआप सुटली.

"आता मार," अप्पा धापा टाकत म्हणाले. "धरणार कोण? तुझा बाप?"

"मी धरू का?" काका हळूच म्हणाले.

कुंड्या उचलणाऱ्या माणसाने आपल्या कारखान्यात कांब धरावी, हे अप्पांना मरणाहून वाईट होतं. त्यांनी काकांकडे असं बघितलं, की काकांनी पाय पोटाशी घेतले. मग मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कांब धरली.

तिने घण उचलला. एक. दोन. तीन. कांबेच्या मध्यावर, प्रत्येक वेळी. ओठातलं रक्त हनुवटीवर आलं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. चार. पाच. खाली अप्पांची पाठ प्रत्येक घावाला आक्रसत होती. ज्या माणसाला बघून सगळं घर भिंतीला लागायचं, तो माणूस मान खांद्यात घालून बसला होता, मार चुकवणाऱ्या पोरासारखा. सहा. सात. आठ.

नववा घाव पडला आणि कांब उडाली. घण घसरला. हाड मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. अप्पांचा अंगठा आणि पहिलं बोट आसाच्या टोकावर चपटं होऊन राहिलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला, नीट बघितला आणि म्हणाले, "मारलंस."

इस्पितळात अंगठा वाचला, बोट दोन पेरांपर्यंत काढावं लागलं. कसं झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर अप्पांनी हनुवटीने तिच्याकडे खूण केली. "पोरीनं."

तिने भावाला फोन केला. सगळं सांगितलं.

"शेवटी केलंस तर, ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज तिने इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

"मी मुद्दाम नाही मारलं. कांब तिरकी झाली."

"हो, हो. तसंच सांग."

मग आईने फोन घेतला. "कुठला हात?"

"उजवा."

"बरं," आई म्हणाली. मग विचारलं, "तू जेवलीस का?"

गल्लीने तर निकालच लावून टाकला. लेथवाला दारात येऊन म्हणाला, "बाई, उशीर केलास, पण नेम झकास." टायरवाल्याने तिला न मागता चहा पाठवला. ती ज्याला-त्याला सांगत होती, मी मारलं नाही, अप्पांनी वर बघितलं असणार. लोक मान डोलवायचे आणि डोळा मारायचे. वीस वर्षं जे वाक्य ती अंगाला लागू देत नव्हती, तेच आता सगळे कौतुकाने म्हणत होते. बापावर गेली. बरं झालं.

तिला साक्षीदार हवा होता. संध्याकाळी काका विचारपूस करायला आले.

"तुम्ही समोर होतात, काका. अप्पांनी घणाकडे बघितलं ना?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खरं सांगू? घण वर गेला की मी डोळे मिटत होतो. नऊ वेळा मिटले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने भाऊ आला. आत जाऊन बाजेवर झोपलेल्या अप्पांकडे त्याने दारातूनच बघितलं. हाताचं पांढरं गाठोडं छातीवर होतं. बघून झाल्यावर तो कारखान्यात आला आणि शर्टाच्या बाह्या दुमडू लागला.

"काय राहिलंय?"

"पिन. अर्धवट आहे."

"चल, मी धरतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला वाटतं ना मी मुद्दाम मारलं?"

"वाटतं."

"मग धरतोस कशाला?"

"माझं-तुझं काय वैर?" तो कांबेपाशी बसला. "बघायचं कुठे?"

"पिनकडे. घणाकडे नाही."

"एक कान गेला. आता बघायचंही नाही. या कारखान्यात अवयव फार लागतात, बाई."

तिला हसू आलं. टाके घातलेला ओठ ताणला गेला. तिने घण उचलला आणि हलका घातला, कांब नीट बसली का बघायला. खालून लगेच भाऊ म्हणाला, "हलली."

तिने थांबून खाली बघितलं. तिला वाटलं त्याला चुकून वाटलं असेल. पुन्हा हलका घाव घातला. पिन बोटभर खाली गेली. तिसरा, चौथा, आणि पिन ठोकळ्यांमधल्या मातीत धपकन पडली, गंजाने लाल, मध्ये झिजून कंबर बारीक झालेली.

भाऊ हात झटकत उठला. ती घण घेऊन तशीच उभी राहिली.

पिन आधीच सुटली होती. काल. आता तिला तो आवाज परत ऐकू आला, आणि तो काल पहिल्यांदाही तिला ऐकू आला होता. सात घावांपर्यंत पिन भरलेल्या पिंपासारखी वाजत होती. आठव्याला आवाज रिकामा आला. अप्पा "हलली" म्हणाले नाहीत, कारण त्यांच्या तळहाताला ते कधी शिकवलंच नव्हतं. पण तिच्या कानांना कळलं होतं. तीस वर्षं जिने कांब धरली, तिला तो आवाज झोपेतही कळला असता. आठव्यानंतर अर्धा घाव पुरला असता. तिच्या ओठात दात होता, खाली त्यांची मान होती, आणि तिने नववा खांद्याच्या मागून, टाचा उचलून घातला होता.

तिने घण भिंतीला टेकवला आणि मधल्या दारातून आत गेली.

अप्पा जागे होते. "निघाली?"

"निघाली. चार हलक्या घावांत."

"तू मुद्दाम मारलंस."

"तुम्ही घणाकडे बघितलंत, अप्पा."

ते छताकडे बघत म्हणाले, "बघितलं. मग?"

हेच तिला हवं होतं. आता कोणालाही सांगता आलं असतं, अप्पांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून. ती बाजेच्या कडेला बसली.

"पिन आठव्याला सुटली होती. मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "नववा तेवढा लागत नव्हता. नेम माझा चुकला नाही, कांब तुम्ही हलवलीत. पण घाव जास्त होता. तो जास्तीचा माझा."

अप्पांनी मान वळवली. मोतीबिंदूचा डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही तिच्यावर. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तिला आधी कळेना काय ते. ते खूश झाले होते.

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हटलं, हा घाव ओळखीचा आहे. माझीच तू."

तिचा हात उचलला गेला नाही, पण गेला असता, हे तिला कळलं. तिने दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले आणि त्यांवर बसली.

"तुम्ही धाकट्याला कधी सांगितलंत? की जास्त झाला म्हणून?"

"काय सांगायचं? वाळू घातली होती त्यानं ग्रीसमध्ये."

"आईला?"

अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती वाट बघत बसली. बाहेर भाऊ नळावर हात धूत होता, लेथवाला त्याला काहीतरी विचारत होता आणि तो "इकडून बोला, इकडून" म्हणत होता. अप्पांचा श्वास हळूहळू संथ झाला. झोपले, की झोपल्यासारखं केलं, ते तिने बघितलं नाही.

ती बाहेर आली. लेथवाला दारातच होता.

"काय मग, वाघीण," तो म्हणाला.

"कालचा शेवटचा घाव मी जास्त घातला," ती म्हणाली. लेथवाला, भाऊ आणि तेवढ्यात आलेले काका, तिघांनाही ऐकू जाईल अशी. "पिन सुटल्याचं कळत असूनही. कौतुक करू नका. ते मला चालणार नाही."

कोणी डोळा मारला नाही. लेथवाल्याने मिशीवरून हात फिरवला आणि तो गटाराकडे बघू लागला. भाऊ नळ बंद करायचा विसरला होता. काकांनी पुढे होऊन तो बंद केला.

"या कांबेला आडवी सळई जोडून दे," तिने लेथवाल्याला सांगितलं. "चांगली दोन हात लांब. उजवी पिन निघायची आहे. ती खुळखुळतेय, तरी वरची टोपी जाम आहे."

"सळई कशाला? मिस्त्रींना चालायचं नाही."

"जोड."

अर्ध्या तासात जोडून आली. सांधा अजून गरम होता. भावाने ती लांबूनच धरून बघितली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मी मघाशी नीट धरली होती, ताई. माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर आहे," ती म्हणाली. "मागे सरक. अजून."

तो सरकला. तिने घण उचलला.